'आपोआप' म्हणजे कोण?

लहान मुलांना यंत्रे समजावून सांगताना आपण सर्रास वापरतो तो शब्द म्हणजे 'आपोआप'. २०२२ च्या एप्रिलमध्ये दहिसरहून मेट्रो धावू लागली. तिच्या गाड्या विनाचालक धावू शकतील अशा बनावटीच्या. (सुरू झाल्या त्या चालक बसवूनच, ही गोष्ट वेगळी.) वसई-विरारच्या मुलांना तिचे अप्रूप वाटले नाही तरच नवल. 'ती आपोआप कशी चालेल?' असे त्यांनी विचारले, की 'त्यात कॉम्प्युटर असतो' म्हणून आपण मोकळे होतो. मुलाच्या लेखी ती जादूच राहते.

मी आधी विरार लोकल सांगतो. मोटरमनला हातातला दांडा दाबून धरावा लागतो. हात सुटला की ब्रेक लागतो. मोटरमनला भोवळ आली तरी गाडी थांबते. आपोआप? छे! असे कधीतरी होईल, हे कुणीतरी फार पूर्वी ओळखून ठेवले होते.

मग चांद्रयान. २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरतानाची शेवटची सुमारे १९ मिनिटे यानाचा कारभार यानाच्याच हाती होता. खाली दगड आहेत की खड्डे, हे त्याने कॅमेऱ्याने पाहिले. पण काय टाळायचे, हे इस्रोच्या शास्त्रज्ञांनी आधीच शिकवले होते. २०१९ चे यान आदळले, तेव्हा यानाला कुणी वेंधळे म्हटले नाही. चुका शोधल्या गेल्या. उतरण्याची जागाही ५०० मीटर चौरसावरून ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर केली गेली.

अवघड गोष्ट पुढची. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतील टेम्पी गावात उबरच्या चाचणीतील स्वयंचलित मोटारीने रात्री सायकल घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या बाईंना उडवले. त्यात त्या गेल्या. पादचारी पट्ट्यांवाचूनही माणसे रस्ता ओलांडतात, याची तरतूदच त्या प्रणालीत नव्हती, असे चौकशीत निघाले. (आमच्या वसई स्टेशनबाहेर त्या मोटारीचे काय झाले असते, कल्पनाच करवत नाही.) खटला झाला तो देखरेखीसाठी मोटारीत बसवलेल्या महिलेवर. तिचे लक्ष रस्त्यावर नव्हते, हे खरेच. २०२३ मध्ये तिने गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. कंपनीवर फौजदारी खटला भरलाच गेला नाही.

हे मुलांपासून लपवू नये, असे मला वाटते. खेळताना काच फुटली, की बॅट हातात असलेल्या एकट्याचेच नाव पुढे येते, हे त्यांना चांगले ठाऊक असते.