चकाकी उतरवा! अण्णांच्या क्यूवरून पेटलेलं भांडण

आज जरा लांब लिहिणार आहे, आणि तिखटही. ज्यांना फक्त जुन्या जबलपूरचे फोटो बघायचे आहेत त्यांनी खुशाल पुढे जावं.

विषय आहे एका लाकडी काठीचा. स्नूकरच्या क्यूचा. आमच्या घरात अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तीन क्यू आहेत. एक माझ्याकडे, एक पुण्याला चुलतभाऊ दादाकडे, आणि एक नागपूरला आत्याच्या माळ्यावर. दादाने त्याची क्यू मागच्या वर्षी एका दुकानात 'नवी' करून घेतली. ती आता त्याच्या दिवाणखान्यात काचेच्या चौकटीत आहे, आरशासारखी चमकते आहे, आणि खाली पितळी पाटी आहे: 'ब्रिटिशकालीन क्यू, क्लबकडून सप्रेम भेट.' सगळ्या घराण्याने त्या फोटोखाली हात जोडले, अंगठे उंचावले. मी काही लिहिलं नाही. आता लिहिते.

त्या पाटीवर जे नाही तेच मला सांगायचं आहे. अण्णा गन कॅरेज फॅक्टरीत लाकूडकामाच्या शॉपमध्ये होते. १९०४ सालची ही फॅक्टरी, तिने आपल्या किती मराठी घरांच्या चुली पेटवल्या हे इथल्या मंडळींना नव्याने सांगायला नको. पण त्याच घरांत एक पंगतही ठरलेली होती. अकाउंट्समध्ये असलेला जावई पाटावर, शॉपमध्ये असलेला जावई भिंतीकडेला. पुण्याचे नातेवाईक उन्हाळ्यात यायचे तेव्हा आमचे एक काका हसत हसत म्हणायचे, "आमचा धाकटा लाकडं घासतो." अण्णा रविवारी सायकलवर डबा लावून साहेबलोकांच्या क्लबात जायचे ते खेळायला नव्हे. क्यू दुरुस्त करायला जायचे. टिपा बदलायच्या, पितळी टोप्या बसवायच्या, वाकल्यात का पाहायचं, घासून तेल द्यायचं. त्या कामाचे पैसे कधी मिळाले, कधी नाही. टाकून द्यायला काढलेल्या तीन क्यू त्या हिशेबात घरी आल्या. 'सप्रेम भेट' नाही हो, मजुरी होती ती!

आणि ज्या हाताने ती मजुरी केली त्याची खूण दुकानदाराने पट्ट्याच्या मशीनवर दहा मिनिटांत घासून टाकली.

आता कोणी म्हणेल, बाईमाणसाला स्नूकरचं काय कळतं. कळतं बरं का. हा खेळ काही विलायतेहून पेटीत घालून आलेला नाही. १८७५ साली इथेच, जबलपूरला, लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने (पुढे पंतप्रधान झाला तो हा नव्हे) बिलियर्डच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवले आणि खेळ सुरू केला. नियम पुढे १८८२ मध्ये उटीला लिहून काढले गेले. म्हणजे जन्म आपल्या गावचा, मुंज उटीची. जबलपूरकर मराठी माणूस भेडाघाटच्या संगमरवराचं कौतुक पाहुण्यांना तासभर ऐकवतो, पण हे सांगत नाही. कारण ते क्लबातलं, साहेबांचं. तिथे आपण गेलो ते मागच्या दाराने.

तर क्यूबद्दल. चांगल्या जुन्या क्यूचा दांडा बहुतेक ऍश नावाच्या लाकडाचा असतो, पांढुरका, त्यावर बाणाच्या टोकासारख्या एकापुढे एक रेषा. मूठ काळ्या आबनुसाची. ही दोन लाकडं नुसती चिकटवलेली नसतात. आबनुसाच्या चार लांब जिभा पांढऱ्या लाकडात शिरलेल्या असतात, आणि हाताने केलेल्या कामात त्यांची टोकं गोलसर निघतात. लांबी साधारण ५७-५८ इंच, वजन १७-१८ औंसांच्या आसपास. टोकाशी जाडी जेमतेम साडेनऊ-दहा मिलिमीटर. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. सगळं भांडण तिथे आहे.

मशीनवरचा खरखरीत पट्टा एका झटक्यात अर्धा मिलिमीटर लाकूड खातो. कपाटाच्या दाराला अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. क्यूच्या टोकाला ते म्हणजे निम्मं आयुष्य. दादाच्या क्यूचं तसंच झालं. लाकूड बारीक झालं, पितळेची टोपी आहे तेवढीच राहिली, आणि आता तिथे बोट फिरवलं की कंगोरा लागतो. चार जिभांपैकी दोघींची टोकं बोथट झाली. मुठीवरची कारागिराच्या नावाची छोटी चकती होती, ती कुठे गेली ते दुकानदाराला ठाऊक नाही. आणि वरून दिलं काय, तर जेवणाच्या टेबलाला देतात ती जाड चकचकीत लॅकर, तीन हात!

खेळणाऱ्याला विचारा त्या चकाकीचं काय होतं. क्यू डाव्या हाताच्या अंगठ्याच्या खोबणीतून सरकते. जुलैत आपल्याकडे दमट हवा, हाताला घाम, आणि लॅकरवर कातडी चिकटते. मग लोक हाताला पावडर लावतात, ती पावडर टेबलाच्या कापडावर सांडते, मग मार्कर ओरडतो. त्यापेक्षा उघडं, बारीक घासलेलं, तेल प्यालेलं लाकूड विनातक्रार सरकतं. अण्णा म्हणायचे, क्यू दिसायला कोरडी आणि हाताला रेशमी पाहिजे. चमकली की समजावं, कोणीतरी पैसे घेतले.

माझी क्यू मी घरीच केली. गॅलरीत, उन्हाळ्यात, चार-पाच दिवस लावून. सुनेने विचारलं, "आई, मिस्त्रीला बोलवू का?" नको म्हटलं. आधी मुठीजवळ, झाकल्या जागी, कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पाहिलं. जुनं चपड्याचं पॉलिश असेल तर ते विरघळून चिकट होतं, फडक्याने पुसून निघतं. काहीच झालं नाही तर समजायचं वर आधुनिक लॅकर आहे आणि ती घासूनच काढावी लागेल. माझ्या क्यूवर चपडाच निघाला, अण्णांच्या हातचा, तपकिरी पडलेला. मग पितळी टोपीवर चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे पितळेचा काळा मळ लाकडाच्या छिद्रांत शिरत नाही आणि तिथे हात थांबतो. नावाच्या चकतीवरही पट्टी. तिला रेगमाल लावायचाच नाही. (आम्ही जबलपूरवाले रेगमालच म्हणतो, पुण्याच्या मंडळींनी पॉलिशपेपर वाचावं.)

रेगमाल ४०० नंबरपासून सुरू केला. त्याहून खरखरीत घ्यायची गरज पडली नाही, आणि पडली तरी टोकाकडे नेऊ नये. मग ६००, ८००, १०००. घासायचं ते लांबीच्या दिशेने, रेषांबरोबर, तळहातात रेगमालाचा तुकडा धरून, दांडा मुठीत हलकेच फिरवत, म्हणजे एका बाजूला सपाटी येत नाही. आणि आबनुसाची भुकटी! शाईच म्हणा ना. ती ऍशच्या उघड्या छिद्रांत बसली की पांढरं लाकूड मळकं दिसतं ते दिसतंच. म्हणून काळ्या लाकडाला वेगळा रेगमाल, आणि जिथे दोन्ही एकत्र येतात तिथे पुसताना हात कायम पांढऱ्याकडून काळ्याकडे. तोंडाला रुमाल बांधा, ती भुकटी नाकाला झोंबते.

मध्ये एकदा ओलसर, अगदी पिळून घेतलेल्या फडक्याने दांडा पुसला. लाकडाचे रोम उभे राहतात, वाळले की १००० नंबरने एक हलका हात, मग ते पुन्हा उठत नाहीत. ही अण्णांची युक्ती. शेवटी जवसाचं तेल, पाच-सहा थेंब, एवढंच. तळवा गरम होईपर्यंत चोळायचं आणि जास्तीचं सगळं पुसून काढायचं. सगळं म्हणजे सगळं, नाहीतर तेलाचाच चिकट थर होतो आणि आपण पुन्हा दादाच्या लॅकरवर येतो. रंगाच्या दुकानात शिजवलेलं जवसाचं तेल मिळतं ते लवकर वाळतं, खायचं कच्चं तेल फार दिवस घेतं. एक दिवस सोडून पुन्हा, असे तीन हात. क्यू वाळताना भिंतीला टेकवून ठेवायची नाही, टेबलावर आडवी.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा. दुकानदार हे सांगत नाही, यूट्यूबवाले शेवटी घाईत सांगतात.

खर्च? रेगमाल, तेल, स्पिरिट मिळून दादाने दुकानाला दिले त्याच्या पासंगालाही पुरणार नाही.

आता दुसऱ्या बाजूचे लोक. आमच्यात एक भाचा आहे, जुन्या वस्तूंचा शौकीन. तो म्हणाला, "मावशी, तूही घासलीसच ना? जुन्या वस्तूला हात लावू नये, तिचं वय दिसू द्यावं." हा मुद्दा दादाच्या पाटीपेक्षा प्रामाणिक आहे, म्हणून नीट उत्तर देते. एखादी दुर्मिळ क्यू असेल, जुन्या विलायती कारखान्याची चकती शाबूत असेल, विकायची असेल, तर खरंच हात लावू नका, जाणत्याला दाखवा. पण आपल्या घरातली बहुतेक हत्यारं तशी नसतात. माझ्या क्यूवरचा तो तपकिरी थर काही मूळचा नव्हता, अण्णांनीच दर काही वर्षांनी काढून नवा दिलेला होता. पाट्याला टाकी लावली म्हणून पाटा बाटतो का? पातेल्याला कल्हई केली म्हणून आजीचं पातेलं परकं होतं का? वरचा हात हा खपायचाच असतो. आतलं लाकूड, त्याचा निमुळतेपणा, तो सांधा, ते वजन, हे जपायचं. दुकानाने नेमकं उलट केलं. जपायचं ते खाल्लं आणि खपायचं ते जाड थापलं.

भाच्यापेक्षा मला राग आहे तो 'मिस्त्रीला बोलवू का' ह्या सवयीचा. आपण दोनशे वर्षं नर्मदेकाठी राहतो, नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासूनचा इतिहास सांगतो, गणेशोत्सवात व्याख्यानं ठेवतो, आणि हातात रेगमाल धरायला लाजतो. वारसा म्हणजे आपल्याला बघायची वस्तू वाटते. ज्याने ती वस्तू नांदती ठेवली त्याचा व्यवसाय मात्र पाटीवर लिहायला जड जातो. दादा, तू 'क्लबकडून भेट' लिहिलंस कारण 'लाकूड घासणाऱ्या काकांची मजुरी' लिहिलं असतं तर पाहुण्यांना काय सांगायचं हा प्रश्न होता. तुझ्या वडिलांचा तो विनोद तू काचेत बसवलास.

माझी क्यू नातीकडे आहे. बारा वर्षांची आहे, आठवड्यातून तीनदा पार्लरला जाते. परवा तिने टिपेजवळ खडूचा निळा डाग पाडला आणि घाबरली. मी तिला १००० नंबरचा तुकडा दिला आणि गॅलरी दाखवली.

राहिली तिसरी, आत्याच्या माळ्यावरची. घराच्या ग्रुपवर तिच्यासाठीही त्याच दुकानाचं नाव फिरतं आहे, वर्गणीही ठरते आहे. माझी वर्गणी धरू नका. आत्या, पावसाळ्याआधी ती जुन्या चादरीत गुंडाळून, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावून नागपूरहून येणाऱ्या कोणाबरोबर पाठव. दिवाळीला परत मिळेल. आणि दादा, नवी पितळी पाटी करायला टाकणार असशील तर अण्णांचं पूर्ण नाव आणि शॉप माझ्याकडून लिहून घे.