चोर बीटीचा निकाल उघड्यावर लावा!

वऱ्हाडातल्या कास्तकार बंधू-भगिनींनो,

जुलैत झड लागली की काळ्या रानाला वापसा येत नाही, डवरा उभा राहतो आणि केना, हरळी, लव्हाळा पऱ्हाटीच्या वर जातो. वापसा आला तरी डवऱ्याने फक्त दोन ओळींमधलं तण निघतं. झाडाच्या बुडातलं बाईच्या खुरप्यानेच काढावं लागतं. पहिले दोन महिने पऱ्हाटी जपली नाही तर पुढचं खत तणच खातं. आणि नेमकं तेव्हाच गावातल्या प्रत्येकाला निंदणाला बाया पाहिजे असतात.

या अडचणीवरच चोर बीटीचा, म्हणजे तणनाशक सोसणाऱ्या पण परवानगी नसलेल्या कापूस बियाण्याचा, धंदा पोसला आहे. पाकिटाला लेबल नाही, खरेदीची पावती नाही. उगवलं नाही तर दाद कोणाकडे मागायची?

10 जून 2019 ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरमध्ये शेतकरी संघटनेच्या हाकेवर हे बियाणं दिवसाढवळ्या पेरलं गेलं. पेरणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. त्याआधी, 2016 मध्ये, महिको या बियाणे कंपनीने अशा कापसाच्या परवानगीचा अर्ज मागे घेतला होता. तेव्हापासून परवानगीही नाही आणि विक्रीही थांबलेली नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्राने ग्लायफोसेट हे तणनाशक फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांनीच फवारावं असा आदेश काढला. असा व्यावसायिक आपल्या शिवारात कधी आला? पंप मजुराच्याच पाठीवर आहे, आणि हे औषध माणसात कर्करोगाला बहुधा कारण ठरतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 मध्येच म्हटलं आहे. 2017 मध्ये यवतमाळात कीटकनाशकं फवारताना माणसं गेली, तरी शहाणपण आलं नाही.

आमचं सरकारकडे मागणं सरळ आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या रानावर, शेतकऱ्यांच्या डोळ्यांसमोर या वाणाची चाचणी घ्या, आकडे मराठीत छापा आणि हो किंवा नाही ते सांगा. हो असेल तर बियाणं लेबलसह, पावतीवर मिळू द्या. नाही असेल तर पेरणाऱ्याच्या दारात जाण्याआधी पुरवणाऱ्याला पकडा. आणि निकाल काहीही लागो, निंदणाची मजुरी रोजगार हमीतून द्या. अल्पभूधारकाला ती परवडत नाही, आणि भूमिहीन बाईचं पावसाळ्यातलं पोट त्याच मजुरीवर आहे.

तोवर पावतीशिवाय एकही पाकीट घेऊ नका. साध्या बीटीवर ग्लायफोसेट मारू नका, पऱ्हाटीच जळते. वारा असताना तर मुळीच नको. धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याची तूर उभी आहे.

येत्या ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव घ्या आणि त्याची प्रत तहसीलदारांकडे पोच घेऊन द्या.

— अकोला-अमरावतीचे कापूस उत्पादक