यंत्र कोणते आणि कान कोणाचा?

संगीतात नवे साधन आले की त्याच्याभोवती वाद माजतो, हा जुनाच अनुभव आहे. ज्या पेटीवाचून आज आपल्याकडील भजन रंगत नाही, त्या पेटीचेच उदाहरण घ्या. ती परदेशी आहे, तिच्या पट्ट्यांवर मींड निघत नाही, दोन स्वरांमधील सूक्ष्म श्रुती तिला ठाऊक नाहीत, असे आक्षेप घेऊन आकाशवाणीने १९४० साली तिला आपल्या कार्यक्रमांतून बाहेर काढले. ही बंदी शिथिल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. आक्षेप खोटे नव्हते. पेटीवर मींड निघत नाही, हे प्रामाणिक पेटीवादकही मान्य करील. आणि तरीही देवळांत, नाट्यगृहांत आणि घरोघरी तिने कितीतरी जणांना स्वरांची पहिली ओळख करून दिली. साधनाचा दोष खरा असतो, पण त्या दोषावरून दिलेला निकाल मात्र चुकू शकतो. पेटीच्या गोष्टीतून एवढे तरी आपण शिकायला हवे.

असाच एक वाद आज इलेक्ट्रॉनिक संगीताच्या क्षेत्रात चालू आहे. एक पक्ष म्हणतो, विजेच्या परिपथांनी घडलेल्या जुन्या यंत्रातून निघणारा नादच खरा. दुसरा पक्ष म्हणतो, ते यंत्र आता संग्रहालयात ठेवावे. त्याचे सारे काम संगणकातील सॉफ्टवेअर करू शकते. यांपैकी कोणाची बाजू घ्यावी, हे ठरविण्यापूर्वी ही दोन्ही साधने कशी चालतात, ते पाहणे इष्ट होईल.

वीज वापरून नाद निर्माण करणाऱ्या या वाद्याला सिंथेसायझर म्हणतात. त्याला तार नाही, कातडे नाही, फुंकही लागत नाही. त्याच्या परिपथात विद्युत्दाब झोपाळ्यासारखा वरखाली हेलकावे घेतो. हे हेलकावे एका सेकंदात ४४० झाले, की ध्वनिवर्धकाचा पडदा तितक्याच वेळा थरथरतो आणि आपल्याला एक स्वर ऐकू येतो. दुसरा एक परिपथ चहाच्या गाळणीसारखे काम करतो. नादातील तीक्ष्ण अंश तो अडवितो आणि मऊ अंश पुढे जाऊ देतो. तिसरा परिपथ स्वर लहानमोठा करतो. १९६४ साली रॉबर्ट मूग या अमेरिकन अभियंत्याने असे यंत्र तयार केले. त्यात विद्युत्दाब एका व्होल्टने वाढविला की स्वर एक सप्तक वर चढे. या जातीच्या यंत्रांना अ‍ॅनालॉग सिंथेसायझर म्हणतात.

सॉफ्टवेअरची रीत याहून अगदी निराळी आहे. तेथे नादाचे हेलकावे प्रत्यक्ष घडत नाहीत, ते मोजले जातात. प्रत्येक क्षणी लाट किती वर किंवा खाली असेल, हे संगणक गणिताने काढतो आणि एका सेकंदासाठी ४४,१०० संख्यांची, किंवा त्याहूनही अधिक संख्यांची, मालिका तयार करतो. त्या मालिकेचे शेवटी विजेत रूपांतर होते आणि ध्वनिवर्धक बोलू लागतो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ सालीच संगणकाकडून अशा रीतीने संगीत वाजवून घेतले होते. परंतु त्या काळचा संगणक खोली व्यापणारा असूनही इतका मंद होता की, काही सेकंदांच्या संगीतासाठी त्याला बराच वेळ आकडेमोड करावी लागे. बोट पट्टीवर पडताक्षणी नाद उमटावा, इतका वेग घरगुती संगणकांच्या अंगी आला तो १९९० नंतरच्या दशकात.

आता पहिल्या पक्षाचे म्हणणे ऐकू. अ‍ॅनालॉग यंत्राचा नाद भरदार आणि जिवंत असतो, असे तो सांगतो. यात तथ्य आहे. हवा तापली की तंबोऱ्याची तार उतरते, त्याचप्रमाणे या यंत्रातील भाग तापले की स्वर किंचित सरकतो. एकच स्वर दोनदा वाजविला तर तो दोन्ही वेळा तंतोतंत सारखा येत नाही, आणि या बारीक फरकामुळे कानाला तो जिवंत वाटतो. पण हाच गुण वादकाला किती छळतो, तेही लक्षात घ्या. १९६८ साली वेंडी कार्लोस यांनी बाख या जर्मन संगीतकाराच्या रचना मूगच्या यंत्रावर वाजवून जगाला चकित केले. ते यंत्र एका वेळी एकच स्वर काढी. म्हणून रचनेतील प्रत्येक ओळ निराळी वाजवून, फितीवर एकावर एक मुद्रित करावी लागली. आणि मध्येच सूर हलला की यंत्र पुन्हा जुळवावे लागे. त्या ध्वनिमुद्रिकेच्या यशामागे यंत्राच्या गुणाइतकाच माणसाचा धीर आहे.

सॉफ्टवेअरवरील आक्षेपातही तथ्य होते. चित्रपटात धावत्या टांग्याचे चाक कधीकधी उलटे फिरताना दिसते, हे तुम्ही पाहिले असेल. कॅमेरा सेकंदाला मोजकीच चित्रे घेतो, त्यामुळे डोळा फसतो. संगणकाची मोजणी अपुरी पडली की कान तसाच फसतो. वरचे स्वर वाजविताना भलतेच खोटे स्वर त्यांत मिसळतात. आरंभीच्या अनेक सॉफ्टवेअरांत हा दोष होता. पुढे संगणक वेगवान झाले, हिशेबाच्या रीती सुधारल्या आणि हा दोष पुष्कळ अंशी दूर झाला. आज उत्तम सॉफ्टवेअर आणि मूळ यंत्र पडद्याआड वाजविले, तर कोणते कोणते हे ओळखणे जाणकारालाही कित्येकदा जड जाईल. तेव्हा केवळ नादाच्या कसोटीवर हा वाद मिटण्यासारखा नाही. खरा भेद अन्यत्र आहे. तो कळण्यासाठी एका फसलेल्या यंत्राची हकिकत पाहू.

१९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी जपानमधील रोलँड या कंपनीने टीबी-३०३ नावाचे एक लहानसे रुपेरी यंत्र विक्रीस आणले. एकट्याने गिटार वाजविणाऱ्याला खर्जाच्या गिटारची साथ मिळावी, हा त्याचा उद्देश होता. परंतु त्याचा आवाज गिटारसारखा मुळीच नव्हता, आणि त्यात सुरावट भरणे हे मोठे किचकट काम होते. ग्राहकांनी पाठ फिरविली. १९८४ साली यंत्राची निर्मिती थांबली आणि उरलीसुरली यंत्रे जुन्या मालाच्या दुकानांत जाऊन पडली.

पण त्याआधीच, १९८२ साली, मुंबईत एक विलक्षण गोष्ट घडली होती. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात काम करणारे चरणजित सिंग यांनी हे यंत्र, त्याच कंपनीचे तालयंत्र आणि एक मोठा सिंथेसायझर यांच्या साहाय्याने दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे; आपल्या मींडेशी तिचे नाते सहज जुळते. ज्या यंत्राला गिटारची नक्कल साधली नाही, त्यातून भैरव आणि यमन निघाले! ती ध्वनिमुद्रिका त्या वेळी फारशी खपली नाही. पुढे २०१० साली ती नव्याने प्रसिद्ध झाली, तेव्हा देशोदेशीच्या रसिकांनी तिचे नवल केले.

दुसरी गोष्ट अमेरिकेतील शिकागो शहरातली. तेथील काही तरुणांच्या हाती असेच एक जुने टीबी-३०३ लागले. त्यांनी ते चालू केले आणि सुरावट वाजत असतानाच त्याची बटणे मन मानेल तशी फिरविली. गाळणी उघडत मिटत गेली, नाद किंचाळू लागला, कुजबुजू लागला. यंत्र बनविणाऱ्यांच्या कल्पनेतही नसलेला हा नाद १९८७ साली ध्वनिमुद्रिकेवर आला आणि त्यातून नृत्यसंगीताची एक नवी शाखाच जन्मास आली. साहजिकच कवडीमोलाने मिळणारे ते यंत्र महाग होत गेले आणि गरीब तरुणांच्या हातून निसटले.

येथे सॉफ्टवेअर कथेत प्रवेश करते. १९९७ साली स्वीडनमधील एका कंपनीने याच यंत्राची आणि रोलँडच्याच तालयंत्राची हुबेहूब नक्कल संगणकाच्या पडद्यावर उतरविली. जे मिळविण्यासाठी मोठी रक्कम मोजावी लागे, ते साधा संगणक असणाऱ्या कोणालाही वापरता येऊ लागले. आज तर पुष्कळ चांगली सॉफ्टवेअरे विनामूल्य मिळतात. ज्याच्या घरी वाद्य घेण्याची ऐपत नाही, अशा मुलाला संगीताचे दार उघडून देणे हे लहान काम नव्हे. मूळ यंत्र बाळगणाऱ्याने या मुलाच्या संगीताला नकली म्हणून हिणविणे मला सर्वस्वी अनुचित वाटते. नकली किंवा अस्सल ठरते ते संगीत, यंत्राची किंमत नव्हे.

कोणी म्हणेल, मग जुन्या यंत्रात विशेष ते काय राहिले? राहिले आहे, आणि ते थोडे नाही. त्या यंत्रावर बटणे मोजकीच होती. त्यामुळे प्रत्येक बटण काय करते, हे वादकाच्या बोटांना पाठ होई. अनेक यंत्रांना स्मरणशक्ती नव्हती. आज सापडलेला नाद उद्या मिळेलच अशी खात्री नसल्यामुळे तो मन लावून ऐकावा लागे. सॉफ्टवेअरमध्ये हजारो तयार नाद हाताशी असतात. ते एकामागून एक उघडून पाहण्यात संध्याकाळ निघून जाते, आणि एकही सुरावट पुरी होत नाही. चूक झाली की ती तत्काळ पुसता येते, म्हणून चूक का झाली याचा विचारही राहून जातो. शिवाय जुने यंत्र बिघडले तर कुशल कारागीर डाख देऊन ते पुन्हा चालू करतो. याउलट संगणक बदलला की त्यावरील जुने सॉफ्टवेअर कित्येकदा मुके होते. स्वीडनमधील त्या सॉफ्टवेअरचा विकासही २००५ साली थांबला. त्याने ज्यांची नक्कल केली, ती यंत्रे मात्र अजूनही कोठे कोठे वाजत आहेत. म्हणून ती जपली पाहिजेत. मूळच नाहीसे झाले, तर नक्कल बरोबर आहे की नाही हे तपासणार तरी कशाने?

माझे मत असे आहे. शिकणाऱ्याने आरंभ सॉफ्टवेअरनेच करावा. त्यात कमीपणा मानू नये आणि महागड्या यंत्राची वाट पाहत बसू नये. परंतु जुन्या यंत्राने वादकाला जी शिस्त लावली, ती त्याने आपण होऊन स्वतःला लावून घ्यावी. हजार नादांतून एकच निवडावा. महिनाभर तोच वापरावा. तयार नाद तसाच न घेता गाळणी उघडून मिटून पाहावी आणि प्रत्येक वेळी काय बदलले ते डोळे मिटून ऐकावे. यंत्र घालीत असे ते बंधन आता माणसानेच स्वतःला घालून घ्यायचे आहे. हे अधिक कठीण आहे, यात शंका नाही. कारण यंत्राचे बंधन मोडता येत नव्हते, स्वतःचे बंधन मात्र केव्हाही मोडता येते.

मुंबईच्या त्या वादकाला आणि शिकागोच्या त्या तरुणांना जे सापडले, ते यंत्राबरोबर मिळालेल्या माहितीपत्रकात लिहिलेले नव्हते. यंत्र एकच होते. एकाने त्यात राग ऐकला, दुसऱ्यांनी त्यात नृत्य ऐकले, आणि ज्यांनी ते परत दुकानात नेऊन टाकले, त्यांना त्यात काहीच ऐकू आले नाही. उद्या तुमच्यापुढे बटणांचे यंत्र येवो किंवा संगणकाचा पडदा येवो, “हे चांगले की ते चांगले?” असे विचारण्याआधी एकच स्वर लावा आणि तो शेवटपर्यंत ऐका. त्यात काय दडले आहे, ते तुमच्या कानाशिवाय दुसरे कोणीही तुम्हांला सांगू शकणार नाही.