‘ओके’चा अर्थ कोणी सांगावा?

भाषेचा अभ्यास म्हणजे फुरसतीचा उद्योग, अशी एक समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे. शास्त्र शाखेचा विद्यार्थी यंत्रे चालवणार, वाणिज्य शाखेचा हिशेब लिहिणार, आणि कला शाखेचा? तो कविता वाचणार! या समजुतीला उत्तर म्हणून साहित्याची थोरवी गाण्याचा माझा विचार नाही. मला उदाहरण द्यायचे आहे ते विमानांचे, आणि पहिले तर आपल्याच जिल्ह्यातले.

७ जुलै १९६२. मध्यरात्र नुकतीच उलटलेली, आषाढातले आभाळ. अलितालिया या इटालियन कंपनीचे डीसी-८ जातीचे विमान बँकॉकहून मुंबईकडे येत असता जुन्नरजवळच्या दवंड्याच्या डोंगरावर आदळले. आतली ९४ माणसे जागीच गेली. मुंबई तेथून ऐंशीहून अधिक किलोमीटर दूर होती. आपण मुंबईच्या अगदी जवळ आलो आहोत असे वैमानिकाला वाटले आणि तो किमान सुरक्षित उंचीच्या खाली उतरला, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. दोष स्थान चुकल्याचा, हे खरेच. परंतु शेवटच्या काही मिनिटांत मुंबईचा नियंत्रक आणि वैमानिक काय बोलत होते? धावपट्टीच्या अलीकडच्या खुणेवर विमान वळसा घेणार की नाही, याविषयी! शब्द दोघांचेही बरोबर होते. फक्त ज्या जागेविषयी ते बोलत होते तेथे विमान नव्हते. समोर सह्याद्री होता.

असे काही घडले की आपल्याकडे लगेच म्हणतात, ‘इंग्रजी कच्चे असेल.’ हे निदान मला अपुरे वाटते. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ एक मालवाहू विमान डोंगरावर आदळून चौघे मृत्यू पावले. चोवीसशे फुटांपर्यंत उतरा, अशी आज्ञा होती. नियंत्रकाने आकडे एकेक उच्चारले : ‘टू फोर झीरो झीरो.’ त्यातला पहिला ‘टू’ वैमानिकाने ‘पर्यंत’ या अर्थाचा घेतला, आणि चोवीसशेचे चारशे झाले. हे वैमानिक अमेरिकन होते. इंग्रजी त्यांच्या घरची भाषा! आणि चारशेचा आकडा त्यांनी उलट म्हणूनही दाखवला होता. ऐकणाऱ्याने ती चूक पकडली नाही.

तेनेरिफचा अपघात याहून भयंकर. २७ मार्च १९७७ रोजी धुक्यात दोन जंबो विमाने एकाच धावपट्टीवर भिडली आणि ५८३ माणसे मेली. डच विमानातून सांगण्यात आले की आम्ही ‘टेकऑफवर’ आहोत. त्यांना म्हणायचे होते की उड्डाण सुरू झाले. नियंत्रक समजला की तयार होऊन उभे आहेत. तो ‘ओके’ म्हणाला आणि पुढे ‘थांबा’ असेही म्हणाला. पण त्याच क्षणी दुसऱ्या विमानातूनही कोणी बोलू लागले, आणि एका वाहिनीवर दोन आवाज आल्याने नुसती कर्कश शीळ ऐकू गेली. डच वैमानिकांच्या कानी स्पष्ट पडला तो एवढाच ‘ओके’. या अपघातानंतर ‘टेकऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचे, असा दंडक घातला गेला. एका शब्दाचा अर्थ पक्का करायला केवढी किंमत मोजावी लागली!

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जण गेले. तेथे मात्र भाषेचा वाटा नाकारता येत नाही. कझाक विमानात नियंत्रकाशी बोलणारा एक आणि विमान हाकणारा दुसरा. बोलणाऱ्यापुढे उंची दाखवणारे स्वतःचे यंत्रही नव्हते. पंधरा हजार फुटांवर राहायचे ते विमान त्याखाली उतरले.

वैमानिकांच्या भाषेची मला गंमत वाटते ती तिच्या रुक्षपणाची. ‘नाइन’ला ‘नाइनर’, ‘थ्री’ला ‘ट्री’. अलंकार नाही, मार्दव नाही. आपल्या बसमधल्या कंडक्टरची भाषा याच जातीची : एक घंटी थांबा, दोन घंट्या चला. अमृततुल्यातला पोऱ्यादेखील ‘दोन स्पेशल, एक बिनसाखर’ असे उलट ओरडून सांगतो, तेव्हा तो वैमानिकाचाच नियम पाळत असतो. ऐकलेले परत म्हणून दाखवायचे, आणि सांगणाऱ्याने ते कान देऊन ऐकायचे. यातला उत्तरार्ध अधिक कठीण आहे.

आणि नेमके हेच आपल्या वर्गांतून शिकवले जात नाही. ‘कळले का?’ असे विचारताच साठ मुले एका सुरात ‘हो सर’ म्हणतात. पुन्हा विचारणारा तो मठ्ठ, आणि इंग्रजीत पुन्हा विचारणारा तर खेडवळच! मराठी माध्यमातून आलेला मुलगा म्हणूनच अर्धवट समजलेल्या वाक्याला मान डोलावतो. पुढे तो बँकेत बसेल, इस्पितळाच्या खिडकीशी बसेल, कोर्टात बसेल, तेव्हाही मान डोलावील. त्याचा अपघात वर्तमानपत्रात छापून येणार नाही एवढेच.

विमानतळ प्राधिकरणाच्या नियंत्रकपदासाठी भौतिकशास्त्र-गणितासह विज्ञानाची किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते. कला शाखेचा पदवीधर तेथे अर्ज करू शकत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. यंत्रे समजलीच पाहिजेत. पण त्या मनोऱ्यात ज्या गोष्टीवर माणसांचे प्राण टांगलेले असतात, ती आपल्या विषयातली आहे. मग तोंडी परीक्षेत पाठ केलेले भाषण म्हणवून घेण्याऐवजी दोन विद्यार्थ्यांना पाठीला पाठ लावून बसवावे, एकाच्या हाती पुण्याचा नकाशा द्यावा आणि दुसऱ्याला केवळ शब्दांच्या आधारे शनिवारवाड्याहून पर्वतीला न्यायला सांगावे. ज्याने ‘समजले नाही, परत सांगा’ असे योग्य ठिकाणी म्हटले, त्याला गुण द्यावेत.