विश्लेषण : तान्ह्या बाळाच्या आईची ‘सजगता’ मोजता येते का?

रात्रीचे तीन. बाळाचे पोट भरलेले आहे, लंगोट कोरडा आहे, तरी रडणे थांबत नाही. अशा वेळी आईचे लक्ष बाळाच्या रडण्याकडे असते, की ‘मलाच काही जमत नाही’ या विचाराकडे? मानसशास्त्रज्ञ हा फरक प्रश्नावलीने मोजू पाहतात. त्यातून काय कळते, काय निसटते, याविषयी…

सजग पालकत्व म्हणजे काय?

मायला आणि जॉन कबाट-झिन यांच्या १९९७ मधील पुस्तकाने ही कल्पना लोकांपर्यंत पोहोचवली. २००९ मध्ये लॅरिसा डंकन, डग्लस कोट्सवर्थ आणि मार्क ग्रीनबर्ग या संशोधकांनी तिची पाच अंगे मांडली : पूर्ण लक्ष देऊन ऐकणे, स्वतःला व मुलाला दोष न देता स्वीकारणे, दोघांच्या भावना ओळखणे, चिडून वागण्याआधी स्वतःला सावरणे आणि दोघांविषयी करुणा बाळगणे.

मोजतात कसे?

‘इंटरपर्सनल माइंडफुलनेस इन पॅरेंटिंग’ या प्रश्नावलीत रोजच्या वागण्याबद्दल विधाने असतात. ‘कधीच नाही’ ते ‘नेहमी’ अशा पाच पर्यायांतून आई उत्तर निवडते. गुणांची बेरीज जितकी जास्त, तितकी सजगता अधिक मानली जाते.

बाळासाठी वेगळी प्रश्नावली का?

मूळ प्रश्नावली घडली ती किशोरवयाच्या उंबरठ्यावरील मुलांच्या पालकांसाठी. ‘मुलाचे म्हणणे ऐकता का’ हा प्रश्न चार महिन्यांच्या बाळाच्या आईला विचारून उपयोग नाही. तिथे रडणे, नजर, दूध पिताना मान फिरवणे हीच भाषा असते. म्हणून पोर्तुगालमधील कोइंब्रा विद्यापीठातील संशोधकांनी तान्ह्यांच्या मातांसाठीचे रूप तपासले. अशा तपासणीत विधाने परस्परांशी सुसंगत आहेत का आणि ताण, नैराश्य यांच्या मोजमापांशी गुणांचा अपेक्षित संबंध दिसतो का, हे पाहिले जाते.

गुण कमी म्हणजे आई कमी पडते?

नाही. उत्तरे आईच देते. त्यामुळे ‘चांगली आई’ दिसण्याच्या ओढीने गुण वाढू शकतात, तर अपराधी वाटणारी आई स्वतःला कमी गुण देऊ शकते. अपुरी झोप आणि एकटीवर पडलेले काम यांचाही परिणाम होतो. हे आजाराचे निदान नव्हे. प्रसूतीनंतरच्या नैराश्याच्या चाळणीसाठी १९८७ पासून दहा प्रश्नांची एडिनबर्ग चाचणी आहे. भारतातील ३८ अभ्यासांच्या २०१७ मधील एकत्रित विश्लेषणात हे प्रमाण २२ टक्के, म्हणजे साधारण पाचांत एक आई, असे आढळले.

आपल्याकडे काय लागेल?

नुसते भाषांतर पुरणार नाही. माहेरच्या बाळंतपणात रडणारे बाळ अनेकदा आजीच्या मांडीवर शांत होते. मग ‘मी बाळाला कशी सावरते’ या विधानाचे उत्तर कोणाचे धरायचे? संस्थात्मक प्रसूतीनंतर आशा सेविका ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते. बाळाच्या वजनाबरोबर आईच्या मनाची चौकशी करायला ही जागा तयारच आहे. मात्र मोजमाप कामी यायला हवे ते आईला मदत पोहोचवण्यासाठी. ते तिचे प्रगतिपुस्तक ठरले, तर आई खरे उत्तर देणारच नाही.

(मन सतत उदास असेल तर ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन उपलब्ध आहे.)