कालखंडांच्या तक्त्यात इब्न सीना कुठे आहे?

इंग्रजी साहित्याचे कालखंड आपली मुले राजघराण्याच्या वंशावळीसारखे पाठ करतात. एलिझाबेथन, जॅकोबियन, व्हिक्टोरियन. जणू तख्तावरचा माणूस गेला की कविताही बदलते! १६६० रेस्टोरेशन, १७९८ रोमँटिक. बी.एड.ला हा तक्ता मीही रंगवला आहे.

आक्षेप सनावळ्यांना नाही, गाळलेल्या नावांना आहे. चॉसर १४०० साली वारला. त्याच्या 'कँटरबरी टेल्स'मधला वैद्य ज्यांचे ग्रंथ जाणतो, त्यांत राझी, इब्न सीना, इब्न रुश्द आहेत. नावे लॅटिन वळणाने बदललेली, एवढेच. निर्जन बेटावर हरिणीने वाढवलेल्या मुलाची इब्न तुफैलची गोष्ट, 'हय इब्न यक्झान', सायमन ऑकलीने अरबीतून इंग्रजीत आणली ती १७०८ साली. 'रॉबिन्सन क्रूसो' १७१९ची. डेफोने उचलेगिरी केली असे मी म्हणणार नाही. ते सिद्ध झालेले नाही, आणि 'सगळे आमचेच' ही जलशांतली बढाई मला मान्य नाही. पण अठराव्या शतकाच्या प्रकरणात या भाषांतराला एक ओळही मिळू नये?

गाइडवाल्यांचे सोडा. उर्दूच्या तासाला इब्न सीनाचे नाव अभिमानाने घेणारे आपण शिक्षक, तेच नाव चॉसरच्या पानावर मुलांना दाखवत नाही. तो तास इंग्रजीचा असतो ना!