आयटीआयचे वाइंडिंग शॉप हौशींना खुले करा

बंद पडलेल्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने मिळतो आणि तो घरी आणून दुरुस्त करणे हा अनेकांचा छंद आहे. छंद चांगला आहे. त्याची जागा चुकली आहे. ती घरातल्या टेबलावर नसून आयटीआयमध्ये असायला हवी. कारण घरातल्या विजेची आपल्याला जी सवय असते, ती इथे उपयोगी पडत नाही. हा ट्रान्सफॉर्मर 230 व्होल्टचे दोन हजारांवर व्होल्ट करतो आणि जीव जायला पुरेल त्याच्या कितीतरी पट करंट देतो. काही झालेच तर आरसीसीबी पडेल, हा भरवसा तर सर्वांत घातक. घरातला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी फेज आणि न्यूट्रलमधल्या करंटचा फरक पाहतो. सेकंडरीचा शॉक बसला की करंट माणसाच्या शरीरातून लोखंडी कोअरकडे परततो, कारण सेकंडरीचे एक टोक कोअरलाच जोडलेले असते. प्रायमरीत जेवढा करंट जातो तेवढाच परत येतो. त्यामुळे आरसीसीबीला काही कळत नाही आणि एमसीबीला तो नेहमीचा लोड वाटतो. शेजारच्या कपॅसिटरमध्ये तर प्लग काढल्यावरही चार्ज राहू शकतो.

मग बंदीच का नको, असे कोणी विचारेल. अमेरिकेत याच ट्रान्सफॉर्मरने लाकडावर विजेची नक्षी जाळण्याची टूम निघाली. त्यात तीसहून अधिक माणसे दगावल्याची नोंद तिथल्या वुडटर्नर्सच्या संघटनेकडे आहे आणि 2017 मध्ये तिने आपल्या कार्यक्रमांत या प्रकाराला मनाई केली. ती मनाई योग्यच होती, कारण तिथे जिवंत हाय व्होल्टेज हेच हत्यार होते. दुरुस्तीत मात्र ते मुळातूनच काढून टाकता येते. सेकंडरीचा बाहेर आलेला भाग हॅक्सॉने कापायचा, उरलेली तार कोअरमधून ठोकून काढायची, हे करताना प्रायमरीच्या इनॅमलला ओरखडाही येऊ द्यायचा नाही आणि मोकळ्या जागेत जाड केबलचे दोन वेढे घालायचे. एका वेढ्याला साधारण एक व्होल्ट, म्हणजे दोन व्होल्ट आणि शेकडो अँपिअर. बॅटरीच्या सेलवर निकेलची पट्टी स्पॉट वेल्ड करायला एवढे पुरते. प्रायमरीवरचे 230 व्होल्ट आणि भाजण्याची भीती उरतेच, पण ती कोणत्याही वर्कशॉपला ओळखीची आहे. इन्सुलेशन कुठे द्यायचे, वेढे का मोजायचे, मेगरने काय तपासायचे, हे सगळे या एका कामात हाताखालून जाते.

आयटीआयवर आधीच भार आहे, त्यात हे कशाला, हा आक्षेप मी हलका मानत नाही. निदेशकांना जादा वेळेचे मानधन मिळायलाच हवे आणि हौशींनी त्यासाठी फी भरावी. पण राज्यात चारशेच्या वर सरकारी आयटीआय आहेत, इलेक्ट्रिशियन ट्रेडमध्ये वाइंडिंग शिकवले जाते, वाइंडिंग मशीन आणि मेगर तिथे असतात. संध्याकाळी त्या शॉपला कुलूप लागते. अपघाताची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न नियमांनी बराचसा सुटेल: हाय व्होल्टेज सेकंडरी असलेला ट्रान्सफॉर्मर सप्लायला जोडायचा नाही, अर्थिंग निदेशकाने तपासल्याशिवाय स्विच नाही आणि तेलाचे जुने ट्रान्सफॉर्मर आतच आणायचे नाहीत. त्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन असू शकते आणि 2016 च्या केंद्रीय आदेशाने त्याच्या वापराला 31 डिसेंबर 2025 ही शेवटची मुदत घातली होती. सुरुवात प्रत्येक जिल्ह्यात एका आयटीआयपासून, आठवड्यातून दोन संध्याकाळी करता येईल.